वस्तू परत करायला गेलात आणि काउंटरवरचा माणूस वसकन अंगावर आला, तर

बूट घेऊन नऊ दिवस झाले होते आणि उजव्या पायाचा सोल पुढून उकलला होता. बोटांशी धरून दाबला की चिकटायचा, सोडला की पुन्हा आ वासायचा. बिल, खोका आणि दोन्ही बूट घेऊन मी दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलाने मान वर न करताच विचारलं, "काय केलंत याचं? डोंगर चढलात?" मागे रांगेत उभे असलेले दोघं हसले. माझे कान तापले. "ही काय बोलायची पद्धत झाली?" मी म्हणाले. त्यावर तो काहीतरी बोलला, त्यावर मी. दहा मिनिटं आम्ही कोणी कोणाशी कसं बोलावं यावर भांडत होतो. सोल उकललाय हा विषय त्या दहा मिनिटांत पुन्हा निघालाच नाही. मी बूट पिशवीत कोंबून घरी परतले.

पुढे योगायोगाने मी स्वतः दोन वर्षं एका मोठ्या दुकानाच्या परताव्याच्या काउंटरवर काम केलं. तिथे दर आठवड्याला मला तेच दृश्य पलीकडच्या बाजूने दिसायचं. ज्याची बाजू शंभर टक्के खरी आहे असा माणूस यायचा, आमच्यातलं कोणीतरी त्याला तोडून बोलायचं, तो त्या बोलण्यावर अडकायचा आणि हात हलवत परत जायचा. त्यातल्या काही जणांना वस्तू बदलून मिळायलाच हवी होती, हे आम्हालाही दिसत असायचं.

म्हणून पहिल्यांदाच वस्तू परत करायला निघालेल्या माणसाला मी सगळ्यात आधी हे सांगते: वस्तू परत करणं हे एक काम आहे आणि उर्मट वागणुकीची तक्रार करणं हे दुसरं. दोन्ही कामं करा, जरूर करा, पण एकाच वेळी करू नका. आधी वस्तूचा निकाल लावा, मग वागणुकीचा. खाली जे लिहिलंय ते सगळं हा क्रम सांभाळण्यासाठी आहे.

घरून निघण्याआधी

निम्मं काम घरीच होतं. काउंटरवर ज्याला पिशवीत बिल शोधावं लागतं, त्याचा आवाज आपोआप पडतो आणि समोरच्याचा चढतो. हे मी शेकडो वेळा पाहिलंय.

बिल आधी काढा. बहुतेक दुकानांची बिलं थर्मल कागदावर छापलेली असतात. त्यात शाई नसते. कागदावरचा रासायनिक थर उष्णतेने काळा होतो आणि तीच अक्षरं म्हणून दिसतात. त्यामुळे ऊन, उष्णता आणि प्लॅस्टिकच्या पाकिटाचा संपर्क यांनी ती पुसट होत जातात. पाकिटात घडी घालून ठेवलेलं बिल काही महिन्यांनी कोरं निघतं ते यामुळेच. तेव्हा खरेदी केली त्याच दिवशी बिलाचा फोटो काढून ठेवायची सवय लावून घ्या. बिल हरवलंच असेल तर कार्डाने पैसे दिल्याची बँकेतली नोंद, दुकानाकडून आलेला मेसेज किंवा ईमेल, दुकानाच्या सदस्य खात्यावरची नोंद यांपैकी काहीही शोधा. मोठ्या दुकानांत तारीख, वेळ आणि रक्कम सांगितली की जुनं बिल प्रणालीत सापडू शकतं. फक्त ते शोधायची तयारी समोरच्याची असावी लागते, आणि ती तयारी तुमच्या पहिल्या वाक्यावर बरीच अवलंबून असते.

बिलाच्या मागची बारीक अक्षरं वाचा. परत करण्याची मुदत, कोणत्या वस्तू परत घेत नाहीत, पैसे मिळतील की क्रेडिट नोट, हे तिथे लिहिलेलं असतं. नसेल तर दुकानाच्या संकेतस्थळावर असतं. त्या ओळींचा फोटो फोनमध्ये असू द्या. आतले कपडे, कानातले, उघडलेली सौंदर्यप्रसाधनं, मापाने बनवून घेतलेल्या वस्तू आणि नाशवंत माल बहुतेक ठिकाणी परत घेत नाहीत, निदान दोष नसेल तर नाहीच.

मग दोषाचा पुरावा. नुसतं "चालत नाही" म्हणू नका. हेडफोनचा डावा कान बंद असेल तर तोच हेडफोन दोन वेगवेगळ्या फोनला जोडून बघा आणि त्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा. म्हणजे "तुमच्या फोनचाच प्रॉब्लेम असेल" हे वाक्य येण्याआधीच त्याचं उत्तर तुमच्या हातात असतं. कपड्याची शिवण उसवली असेल तर जवळून एक फोटो आणि पूर्ण कपड्याचा एक फोटो घ्या. विजेच्या उपकरणावरचा अनुक्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळतोय का तेही बघून घ्या. आमच्याकडे पहिली तपासणी तीच असायची, कारण जुनं उपकरण नव्या खोक्यात घालून आणणारी माणसंही येत.

वस्तूबरोबर आलेली तार, झाकण, पुस्तिका, लेबल, सगळं एका पिशवीत भरा. पैसे ज्या कार्डाने दिले ते कार्डही बरोबर घ्या, कारण रिफंड शक्यतो त्याच कार्डावर जातो.

नेमकं काय हवंय ते ठरवा

काउंटरवर पोचून "आता तुम्हीच सांगा काय करायचं" असं म्हणणारा ग्राहक समोरच्याला सगळ्यात सोयीचा. चार गोष्टी मागता येतात: पैसे परत, तीच वस्तू बदलून, दुरुस्ती, किंवा तेवढ्याच रकमेची क्रेडिट नोट. यातली पहिली पसंती कोणती आणि नाइलाजाने कशावर थांबाल, हे घरीच ठरवून निघा. क्रेडिट नोटला बहुधा मुदत असते आणि ती त्याच दुकानात वापरावी लागते, हे लक्षात ठेवा. ज्या दुकानात पुन्हा पाऊल टाकायची इच्छा नाही, तिथली नोट घेऊन काय करणार?

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण निम्मी भांडणं त्यावरूनच होतात. वस्तू चांगली आहे पण आता नको आहे, ही एक गोष्ट. वस्तूतच दोष आहे, ही दुसरी. दुकानात जाऊन, हाताळून, पसंत करून घेतलेली चांगली वस्तू केवळ मन बदललं म्हणून परत घेणं बहुतेक देशांत दुकानदाराच्या धोरणावर असतं. त्याने धोरण जाहीर केलं असेल तर ते पाळायला लावता येतं, नसेल तर ती विनंती ठरते. दोषाचं तसं नाही. तिथे कायदा तुमच्या पाठीशी उभा असतो, मग भिंतीवर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी असो वा नसो.

कायदे देशागणिक वेगळे आहेत, पण रोख सारखाच. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार सदोष वस्तू ३० दिवसांच्या आत परत देऊन पूर्ण पैसे मागता येतात. भारतात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. त्यासाठी बिलावर दिलेली मुदत धरतात आणि बिलावर मुदतच नसेल तर ३० दिवस. युरोपीय संघात विक्रेत्याची दोषाबद्दलची जबाबदारी किमान दोन वर्षं राहते, आणि ऑनलाइन घेतलेल्या बहुतेक वस्तू १४ दिवसांत काहीही कारण न देता परत करता येतात. ऑस्ट्रेलियात तर ‘पैसे परत मिळणार नाहीत’ अशी पाटी लावणंच बेकायदा आहे. तुम्ही जिथे राहता तिथला नियम ग्राहक खात्याच्या संकेतस्थळावर पाच मिनिटांत सापडतो. तो एका ओळीत पाठ करून जा. काउंटरवर तो सुनवायची वेळ बहुधा येणार नाही, पण तो माहीत असलेला माणूस उभा वेगळ्याच पद्धतीने राहतो.

वेळ

सुट्टीच्या दिवशी, सेलच्या गर्दीत किंवा दुकान बंद व्हायच्या तासाभरात जाऊ नका. बंद होताना गल्ल्याचा हिशेब जुळवायचा असतो आणि त्या वेळी आलेला परतावा म्हणजे सगळी बेरीज पुन्हा. आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुकान उघडून तासभर झाल्यावर जा. तेव्हा निर्णय घेणारा माणूसही बहुधा जागेवर असतो.

पहिलं वाक्य

नमस्कार करा आणि मग एका दमात चार गोष्टी सांगा: काय घेतलं, कधी घेतलं, काय बिघडलंय, काय हवंय.

"नमस्कार. हे बूट मी इथून बारा तारखेला घेतले. नऊ दिवसांत उजव्या बुटाचा सोल उकललाय, हे बघा. मला पैसे परत हवेत. हे बिल."

एवढंच. घरून निघताना काय झालं, किती लांबून आलात, आधीही या दुकानाने कसं फसवलं होतं, यातलं काहीही नको. वस्तू काउंटरवर ठेवा, दोष समोरच्याकडे येईल अशी ठेवा, बिल तिच्यावर ठेवा आणि गप्प राहा. हे गप्प राहणं अवघड जातं. समोरचा काही बोलेपर्यंतचे चार सेकंद फार लांब वाटतात आणि आपण ते भरून काढायला बोलत सुटतो: "म्हणजे मी फार वापरले नाहीत, एकदाच पावसात..." झालं. आता चर्चा पावसावर सुरू होते. चार गोष्टी सांगून झाल्या की तोंड मिटा.

मात्र विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर द्या. पावसात घातले असतील तर हो म्हणा. बूट घालायलाच असतात.

आणि मग समोरचा उर्मटपणे बोलतो

या मार्गदर्शनाचं खरं कारण हेच, त्यामुळे इथे थोडं थांबते.

आधी पलीकडे काय चाललेलं असतं ते सांगते. समर्थन म्हणून नाही, तुम्हाला त्याचा उपयोग आहे म्हणून. काउंटरवरच्या माणसाला बहुतेक वेळा परतावा मंजूर करायचा अधिकारच नसतो. आमच्या मशीनवर रिफंडचं बटण दाबलं की वरिष्ठाचा पासवर्ड विचारला जायचा. म्हणजे तुम्हाला ‘हो’ म्हणायचं तर त्याने वरिष्ठाला बोलवायचं, त्याच्या कपाळावरची आठी बघायची, आणि वस्तूत खोट निघाली तर "तू तपासलं कसं नाहीस?" हे ऐकायचं. ‘नाही’ म्हणायला यातलं काहीच लागत नाही. त्यात लग्नापुरता कपडा वापरून लेबल पुन्हा अडकवून आणणाऱ्यांचा अनुभव असतो, म्हणून संशय आधी येतो. तुमच्या आधीचा ग्राहक ओरडून गेलेला असतो. त्याच्या उर्मटपणाचं मूळ बहुधा तुम्ही नसताच. हे कळलं की तो अपमान अंगाला तेवढा चिकटत नाही आणि डोकं कामावर राहतं.

उर्मटपणाही एका जातीचा नसतो. प्रत्येकाला वेगळं वागवावं लागतं.

पहिला प्रकार म्हणजे दुर्लक्ष. तुम्ही उभे आहात आणि तो फोनमध्ये आहे, किंवा सहकाऱ्याशी गप्पा मारतोय. इथे घसा खाकरू नका, काउंटरवर टकटक करू नका. सरळ विचारा: "परताव्याचं काम तुम्ही बघता की दुसरं कोणी?" या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं, आणि ‘दुसरं कोणी’ असं उत्तर आलं तरी तुमचं काम पुढेच सरकतं.

दुसरा प्रकार टोमण्याचा. "डोंगर चढलात?" हा तोच. टोमण्याला उत्तर द्यायचंच नाही. त्यात लपलेला मुद्दा तेवढा उचलायचा. त्या दिवशी मी एवढंच म्हणायला हवं होतं: "नाही, रोजच्या चालण्यात उकलला. इथे डिंक सुटलेला दिसतोय, बघा." बोट सोलवर ठेवायचं. माणसाची नजर बोटामागे जाते. एकदा तो वस्तूकडे बघायला लागला की तुमच्याकडे बघून बोलायचं थांबतो. काउंटरवर काम करताना मला सगळ्यात प्रभावी वाटलेले ग्राहक हेच करायचे: आवाज न चढवता पुन्हा पुन्हा बोट त्याच जागी.

तिसरा प्रकार संशयाचा: "हे आमच्याकडचं नाहीच", "तुम्हीच पाडलं असणार". हा झोंबतो, कारण खोटेपणाचा आरोप असतो. तरीही "मी खोटं बोलतेय का?" असं विचारू नका, त्या प्रश्नातून फक्त भांडण निघतं. "बिलावरचा क्रमांक आणि वस्तूवरचा क्रमांक जुळवून बघा," असं म्हणा. किंवा "पडल्याची खूण कुठे दिसतेय ते मला दाखवा." संशय त्याने घेतलाय, तर दाखवायचं कामही त्याचंच.

चौथा, नियमावर बोट ठेवून तोडून टाकणं: "असं चालत नाही आमच्याकडे." यावर एकच शांत प्रश्न आहे आणि तो सोन्यासारखा आहे: "हे कुठे लिहिलंय, मला दाखवता का?" लिहिलेलं असेल तर तुम्हीही वाचाल आणि पुढचं ठरवाल. नसेल तर त्याला ते शोधताना स्वतःलाच कळतं. तुमच्या फोनमध्ये त्याच नियमाचा फोटो असेल तर तो आता काढा, आधी नाही.

याच प्रकारात "कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा, आमचा संबंध नाही" हे येतं. वस्तू तुम्ही दुकानाकडून घेतलीत, पैसे दुकानाला दिलेत, बिलावर नाव दुकानाचं आहे. कंपनीची वॉरंटी हा तुमच्यासाठी जास्तीचा मार्ग आहे. तो दाखवून दुकानाने हात झटकायचे हे बहुतेक ग्राहक कायद्यांना मान्य नाही. "सर्व्हिस सेंटरचा पर्याय मला माहीत आहे. पण मी हे तुमच्याकडून घेतलंय, म्हणून तुमच्याकडे आलेय," एवढं म्हणून पुन्हा मागणीवर या.

आणि पाचवा प्रकार: शिवी, धमकी, अंगावर येणं, बाईमाणसाला किंवा म्हाताऱ्या माणसाला घाण बोलणं. इथे कुठलीही युक्ती वापरत बसू नका. वस्तू आणि बिल उचला आणि बाहेर पडा. वेळ आणि त्या माणसाच्या बिल्ल्यावरचं नाव लगेच लिहून ठेवा. शेजारी उभ्या असलेल्या कोणी ऐकलं असेल तर त्यांचा नंबर विचारा. परतावा लेखी मागता येतो, तो आता तसाच मागायचा.

सगळ्या प्रकारांत तुमचा आवाज त्याच्यापेक्षा एक पट्टी खाली राहू द्या. तो चढत गेला तर तुम्ही आणखी हळू बोला. ऐकू येण्यासाठी त्याला खाली यावंच लागतं. "तू" वर आला तरी तुम्ही "तुम्ही"च म्हणा. हे त्याच्यासाठी नाही. थोड्या वेळाने जो वरिष्ठ येईल, त्याला दुरूनच दोघांतलं कोण नीट बोलतंय ते दिसायला हवं.

फोन त्याच्या तोंडासमोर धरून रेकॉर्डिंग सुरू करू नका. परवानगीशिवाय रेकॉर्डिंग काही ठिकाणी बेकायदा आहे, आणि त्यामुळे समोरचा माणूस सगळीकडेच बोलण्याचा दरवाजा बंद करून घेतो. फोटो काढायचेच तर वस्तूचे आणि पाटीचे काढा.

वरिष्ठाला कसं बोलवायचं

"तुमच्या मॅनेजरला बोलवा!" ही आरोळी काउंटरवरच्या प्रत्येकाने हजारदा ऐकलेली असते आणि तिचा अर्थ तो ‘आता माझी तक्रार होणार’ असाच लावतो. मग तो मॅनेजरला आत जाऊन काय सांगेल ते ओळखा. त्याऐवजी असं म्हणा: "हे मंजूर करायचा अधिकार तुम्हाला नसेल तर तुम्हाला दोष नाही. ज्यांना आहे त्यांच्याशी दोन मिनिटं बोलता येईल का?" त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरतं. मी स्वतः हे वाक्य ऐकल्यावर धावत जाऊन वरिष्ठाला आणलेलं आहे.

वरिष्ठ आला की तीच चार वाक्यं पुन्हा, त्याच क्रमाने. "तुमचा हा माणूस माझ्याशी कसा बोलला माहितेय का" ही सुरुवात टाळा. ती केलीत की वरिष्ठाला आपल्या माणसाची बाजू घ्यावी लागते आणि सोल पुन्हा मागे पडतो.

"साहेब आज नाहीत" असं उत्तर आलं तर विचारा: कधी असतील, त्यांचं नाव काय, आणि मी आज आले होते याची नोंद कुठे होईल? मुदत संपत आली असेल तर ही नोंद फार महत्त्वाची. बिलाच्या मागे आजची तारीख घालून सही मागा. सही मिळाली नाही तर तिथेच उभं राहून दुकानाच्या अधिकृत ईमेलवर दोन ओळी पाठवा की आज अमुक वेळी वस्तू घेऊन आले होते, वरिष्ठ नसल्याने परतावा झाला नाही. ईमेलवर तारीख आणि वेळ आपोआप पडते.

"ठेवून जा, बघतो आम्ही," असं म्हणाले तर पोच घेतल्याशिवाय वस्तू हातातून सोडू नका. पोचपावतीवर वस्तूचं नाव, क्रमांक, तारीख आणि दोष लिहिलेला हवा.

नकारच मिळाला तर

वाद घालत उभं राहण्यात अर्थ नाही. "ठीक आहे. नकाराचं कारण मला लेखी द्याल का?" एवढं विचारा. बऱ्याचदा या प्रश्नावरच गाडी रुळावर येते, कारण कारण लिहून द्यायची तयारी सहसा कोणाची नसते. दिलं नाही तरी हरकत नाही. घरी या, पाणी प्या आणि त्याच दिवशी लिहायला बसा. दुसऱ्या दिवशी तपशील पुसट होतात.

पत्र असं चालेल:

"दिनांक अमुक रोजी बिल क्रमांक अमुकने आपल्या दुकानातून बूट खरेदी केले. नवव्या दिवशी उजव्या बुटाचा सोल उकलला. फोटो सोबत जोडले आहेत. दिनांक अमुक रोजी मी ते परत करण्यासाठी दुकानात आले असता परतावा नाकारण्यात आला आणि लेखी कारण देण्यात आलं नाही. वस्तू सदोष असल्याने पूर्ण रक्कम परत मिळावी. १५ दिवसांत उत्तर न आल्यास मी ग्राहक तक्रार यंत्रणेकडे दाद मागेन."

यात एकही भडक विशेषण नाही, हे बघा. ‘अत्यंत संतापजनक’, ‘घोर फसवणूक’ असे शब्द घातले की वाचणारा पहिल्या ओळीतच बचावाला लागतो. उर्मट वागणुकीचाही उल्लेख इथे नको.

उत्तर आलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन, ग्राहक आयोग किंवा तुमच्या देशात जी यंत्रणा असेल तिच्याकडे जा. भारतात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. कार्डाने पैसे दिले असतील तर आणखी एक वाट आहे: कार्ड दिलेल्या बँकेकडे व्यवहाराबद्दल वाद नोंदवायचा. सदोष वस्तू आणि विक्रेत्याचा नकार हे त्यासाठी मान्य कारण असतं, पण तुम्ही आधी दुकानाकडे दाद मागितली होती हे दाखवावं लागतं. वरचं पत्र तिथे कामी येतं. या वाटेलाही मुदत असते, म्हणून बँकेला लवकर विचारा.

चूक तुमची असेल तर

मुदत उलटून गेली, वस्तू तुमच्याच हातून पडली, माप चुकीचं घेतलं. तर तसं सांगा. "मुदत दोन दिवसांपूर्वी संपली, मला माहीत आहे. काही करता येईल का?" हक्काच्या आवाजात मागितलेली मेहेरबानी कोणी देत नाही. प्रांजळपणे मागितलेली मात्र मी स्वतः कितीदा तरी वरिष्ठांकडून मिळवून दिली आहे. नाही म्हणाले तर आभार मानून निघा.

कोणाला सोबत नेत असाल तर

आई-वडील, लहान भाऊ किंवा ज्याला तिथली भाषा नीट येत नाही असा मित्र, यांच्यासोबत जात असाल तर बोलायचं कोणी ते आधीच ठरवा. दोघांनी मिळून बोललं की समोरच्याला दोघांतल्या फटीत शिरता येतं. वस्तू त्यांची असेल तर पहिलं वाक्य त्यांनाच बोलू द्या, अडलं तर तुम्ही पुढे व्हा. भाषेची अडचण असेल तर ती चार वाक्यं तिथल्या भाषेत कागदावर लिहून न्या आणि कागद बिलाबरोबर पुढे करा. कागदाला कोणी टोमणा मारत नाही.

आता वागणुकीची तक्रार

पैसे मिळाले, किंवा लेखी तक्रार गेली. आता तुमच्या अपमानाचं काम हाती घ्या. ते सोडून देऊ नका. वस्तू मिळाली म्हणजे झालं, असं म्हणून आपण गप्प बसतो आणि उद्या त्याच काउंटरवर आपल्यापेक्षा बुजरं कोणीतरी उभं असतं. १९६२ साली १५ मार्चला अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी तिथल्या काँग्रेसला पाठवलेल्या संदेशात ग्राहकाचे चार हक्क मांडले: सुरक्षितता, माहिती, निवड आणि आपलं म्हणणं ऐकलं जाण्याचा हक्क. १९८३ पासून तो दिवस जागतिक ग्राहक हक्क दिन म्हणून पाळतात. केनेडींच्या मनात तेव्हा सरकारी धोरणं होती, काउंटर नव्हता. पण आपलं ऐकलं जावं ही अपेक्षा मला तरी काउंटरवर सगळ्यात जास्त जाणवली आहे.

तक्रार दुकानाच्या मुख्य कार्यालयाकडे किंवा ग्राहक सेवेच्या ईमेलवर पाठवा. तारीख, वेळ, कोणता काउंटर, आणि नेमके उच्चारलेले शब्द लिहा. ‘उद्धटपणे वागला’ यातून वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही. "मी दोष दाखवत असताना त्यांनी वस्तूकडे न बघता ‘डोंगर चढलात का’ असं विचारलं आणि रांगेतले लोक हसले," यातून सगळं दिसतं. काय व्हायला हवं तेही लिहा: दिलगिरी, किंवा परताव्याच्या काउंटरवरच्या लोकांना प्रशिक्षण. "त्याला कामावरून काढा" असं लिहू नका. एका वाईट दिवसाची ती शिक्षा फार मोठी आहे आणि अशी मागणी असलेली पत्रं गांभीर्याने घेतली जात नाहीत, हे मी आतून पाहिलंय. त्याच दुकानात दुसरं कोणी नीट वागलं असेल तर त्यांचं नाव त्याच पत्रात आवर्जून घाला.

इंटरनेटवर अभिप्राय लिहायचा असेल तर घडलं तेवढंच लिहा, कर्मचाऱ्याचं नाव किंवा फोटो टाकू नका.

रिफंड मिळाला तरी त्याची पावती जपून ठेवा. कार्डावर पैसे यायला काही कामकाजाचे दिवस लागतात. दहा दिवसांनी खातं उघडून रक्कम पूर्ण आलीय का ते बघा. कमी आली असेल तर तीच पावती घेऊन, मधल्या वारी सकाळी, पुन्हा त्याच काउंटरवर.